शहाण्णव खुंट्या

आमच्या शाळेतल्या गणिताच्या सरांच्या हातून दहावीचा वर्ग कसा गेला, हे शिपायापासून मुख्याध्यापकांपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. मला सगळ्यांपेक्षा थोडं जास्त ठाऊक आहे. ते जास्तीचं सांगायचं तर आधी सर सांगायला हवेत, आणि सर सांगायचे म्हणजे सुरुवात एका चिन्हापासून करावी लागते.

'बरोबर'चं चिन्ह म्हणजे दोन सरळ आडव्या रेघा. सरांकडे आणखी एक बरोबर होतं, दोन वळवळत्या रेघांचं. त्याचा अर्थ 'जवळपास बरोबर'. वर्तुळाचा परीघ व्यासाच्या किती पट असतो, त्या संख्येला पाय म्हणतात, आणि पुस्तक सांगतं की पायची किंमत बावीस सप्तमांश घ्या. मुलं बिचारी घेत. पण पाय आणि बावीस सप्तमांश यांच्यामध्ये ज्यानं सरळ रेघांचं बरोबर काढलं, त्याचा अर्धा गुण गेला म्हणून समजा. वळवळतं काढलं तर पूर्ण गुण. मुलं त्याला 'गांडूळ बरोबर' म्हणत आणि सर वर्गात आले की मागच्या बाकांवरून बोटांची गांडुळं वळवळत. सरांना ते दिसे. ते म्हणत, "हां, तेच. पेपरातही तेच काढजा."

कुणी धीटपणे म्हणालंच की सर, पुस्तकात तर बावीस सप्तमांश घ्या असं छापलंय, तर उत्तर तयार असे.

"घ्या म्हटलं त् घ्या. पाहुण्याले आपण मामा म्हणतो. म्हून काय तो आईचा भाऊ होते?"

मी त्या शाळेत मराठी शिकवायला आलो तेव्हा शिक्षणसेवक होतो. म्हणजे पगार मानधनाचा, काम सगळ्यांचं आणि तीन वर्षं कुणाच्या डोळ्यात खुपायचं नाही. शाळा समुद्रपूर तालुक्यातल्या एका गावात, चहूकडे कपाशी, आणि मी पडलो घाटावरचा. 'काऊन' म्हणजे 'का' हे कळायला मला आठवडा लागला. पहिल्याच दिवशी सरांनी मला मधल्या सुट्टीत गाठलं.

"कुठी राहून राह्यला?"

"लॉजवर."

"लॉजवर मास्तर राह्यते काय? पिपरी मेघ्यात माह्या घराच्या बाजूले खोली आहे. सामान घेऊन येजो."

आलो. तेव्हापासून रोज सकाळी आम्ही दोघं एकाच एसटीनं जात असू आणि एकाच एसटीनं परत येत असू. सरांची जागा ठरलेली होती, मागच्या चाकावरची. तिथं धक्के सगळ्यात जास्त बसतात, म्हणून ती नेहमी रिकामी मिळे. चाकावर बसायला त्यांना आवडायचं असंही असेल. बसले की ते पिशवीतून तपासून झालेला जुना पेपर काढत, त्याच्या कोऱ्या बाजूवर एक वर्तुळ काढत आणि कामाला लागत.

काम असं होतं. वर्तुळात सहा सारख्या बाजूंची आकृती बसवायची. तिची प्रत्येक बाजू बरोब्बर त्रिज्येएवढी येते, म्हणजे सगळ्या बाजू मिळून व्यासाच्या तिप्पट. वर्तुळ त्या आकृतीच्या बाहेरून जातं, तेव्हा पाय तिनापेक्षा जास्त हे तिथल्या तिथं ठरलं. आता प्रत्येक बाजूच्या जागी दोन लहान बाजू करायच्या, बारा झाल्या. आकृती वर्तुळाला जरा चिकटली. मग चोवीस, अठ्ठेचाळीस, शहाण्णव. दरवेळी एक वर्गमूळ काढावं लागतं, आणि सर ते हातानं काढत. पिपरी मेघ्यापासून हिंगणघाटपर्यंत चोवीस बाजू होत. पुढं रस्ता चांगला असला तर शाळा येईपर्यंत अठ्ठेचाळीस. खड्डा आला आणि आकडा हुकला की ते ड्रायव्हरकडे पाहत आणि पहिल्यापासून सुरू करत. कंडक्टरला हे सगळं पाठ होतं. सर वर्गमुळात असले की तो त्यांचं तिकीट माझ्या हातात देई.

मी एकदा विचारलं, "सर, फोनवर पायची शंभर घरं मिळतात. मग हे रोज कशासाठी?"

"तुह्या घरी कोण कोण आहे, हे मले तुह्या घरमालकानं सांगितलं. म्हून मी तुह्या घरी जेवून आलो काय?"

पुढं कितीतरी दिवस मी त्यांना काही विचारलं नाही.

इतिहास मात्र ते न विचारता सांगत, आणि तो गावातल्या माणसांचा असावा तसा. ग्रीस देशातला एक म्हातारा, सरांच्या मते स्वभावानं तिरसट, वाळूत बसून शहाण्णव बाजूंपर्यंत गेला. त्यानं एक आकृती वर्तुळाच्या आतून काढली, एक बाहेरून, आणि वर्तुळाला मध्ये कोंडलं. "जसा माणूस माय अन् बायकोच्या मधात," सर म्हणत, आणि काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, घरात असल्या तर हळू म्हणत. चीनमधला एकजण तीन हजारांच्या वर बाजूंना पोचला. "त्याले घरी कोणी काम सांगत नसन." आपल्याकडचे जुने पंडित तीनशे चौऱ्याऐंशी बाजूंपर्यंत गेले होते, याचा त्यांना फार अभिमान. आणि युरोपातल्या एकानं तर याच कामात जन्म घालवला, पायची पस्तीस घरं काढली आणि ती थडग्यावर कोरून घेतली.

"मले थडगं नाई," सर म्हणाले, "पण माह्यापाशी दहावीचा वर्ग आहे."

हे ते सहज बोलून गेले, पण खरं तेच होतं. अठ्ठावीस वर्षं त्यांनी दहावीलाच शिकवलं होतं. निवृत्तीला एकच वर्ष उरलं होतं आणि त्यांची एकच इच्छा होती, दहावीच्या वर्गातूनच बाहेर पडायचं. शेवटची तुकडी कोणती असेल, तिच्यात कोण कोण असेल, हे ते नववीच्या वर्गाबाहेर उभं राहून बघत असत.

घरी त्यांचं फार चालत नसे. काकूंनी पोळी वाढली की सर ती उचलून दिव्याकडे धरत.

"पाह्य, हिलेही कोपरे आहेत. दुरून गोल दिसते. जवळून पाह्यलं त् काईच गोल नसते."

"तुमाले कोपरे दिसून राह्यले असन त् तेवढे कोपरे ठेवा ताटात, अन् बाकीची पोळी खा," काकू म्हणायच्या. सर मुकाट्यानं जेवायचे.

शाळेच्या आवारातल्या कडुनिंबाभोवती गोल ओटा बांधायचं ठरलं, तेव्हा गवंडी आला. सरांनी दोन दिवस मधली सुट्टी त्याच्यापाशी काढली. विटा सरळ आणि ओटा गोल, म्हणजे ओटा ही एक अनेक बाजूंची आकृतीच झाली, असं त्यांचं म्हणणं. गवंड्यानं ऐकून घेतलं. सरांनी त्याला विचारलं, "रुंदी माहीत असली त् भोवताल किती धरतो तू?"

"तीनपट," गवंडी म्हणाला, "अन् वरते थोडं."

सरांनी त्याचा हात हातात घेतला. सिमेंटचा होता तरी घेतला. शिक्षकांच्या खोलीत येऊन सगळ्यांना सांगितलं, "हा माणूस इमानदार आहे. तो 'थोडं' म्हणते. आपलं पुस्तक 'थोडं' म्हणत नाई." विज्ञानाच्या बाईंनी मान डोलावली आणि वह्या तपासायला घेतल्या. सरांचं बोलणं कुणी पुढं वाढवत नसे, कारण वाढवलं की खडू निघे.

आता दहावीचं.

त्या वर्षीच्या सराव परीक्षेत एका मुलीला भूमितीत चाळीसपैकी साडेएकोणचाळीस मिळाले. अर्धा कुठं गेला ते सांगायला नको. त्या अर्ध्या गुणामुळे तिचा शाळेतला पहिला नंबर हुकला आणि दुसरा आला. मुलगी हसली आणि गप्प बसली. पण ती संस्थेच्या अध्यक्षांची नात होती.

अध्यक्ष तसे वाईट नव्हते. मोठे शेतकरी, धोतर-सदरा, बोलणं थेट. दुसऱ्याच दिवशी ते मुख्याध्यापकांच्या खोलीत येऊन बसले आणि सरांना बोलावणं आलं. मराठीच्या पेपरातही कुणी काही कापलंय का हे बघायला मलाही बोलावलं होतं. मुख्याध्यापक दोघांच्या मध्ये बसले होते आणि दोघांनाही भीत होते.

"सर," अध्यक्ष म्हणाले, "माह्या बापानं बावीस सप्तमांश शिकलं. मी शिकलो. बोर्ड म्हणते बावीस सप्तमांश. मंग तुमचं काय वेगळं आहे?"

"भाऊसाहेब, सारे म्हणते ते जवळपास बरोबर आहे. पुरं बरोबर नाई."

"किती कमी-जास्त?"

"वीस मीटर व्यासाचं वर्तुळ घेतलं त् भोवताल अडीच सेंटीमीटर जास्त येते."

अध्यक्षांनी बोटांनी अडीच सेंटीमीटर दाखवले, मग ती बोटं मुख्याध्यापकांना दाखवली. "एवढ्यासाठी माह्या नातीचा नंबर गेला?"

"दार अडीच सेंटीमीटर उघडं राह्यलं तरी मांजर दूध पिऊन जाते, भाऊसाहेब."

मुख्याध्यापकांना खोकला आला. मला हसू आलं, ते मी खिडकीबाहेर बघून घालवलं. अध्यक्षांनी मात्र दाखवलेली बोटं मिटली. मग म्हणाले, "मी कागद नाई मानत. माह्या वावराची मोजणी मी सोता उभं राहून पाह्यली. तुमी मैदानावर मोजून दाखवा. डोळ्याले दिसलं त् अर्धा मार्क गेला त् गेला, अन् पुढच्या वर्षी दहावी तुमचीच. नाई दिसलं त् मार्क वापस, अन् दहावी नव्या सराईले."

नवे सर म्हणजे नुकतेच आलेले एक तरुण शिक्षक. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर बोट फिरवून शिकवत. संस्थेनं तो पडदा घेतल्यापासून त्यांना दहावी द्यायचा विचार चाललाच होता.

"चालते," सर म्हणाले. त्यांनी एक क्षणही घेतला नाही. मी बसमध्ये त्यांना म्हणालो, सर, अडीच सेंटीमीटरसाठी शेवटची दहावी पणाला लावलीत. ते म्हणाले, "तू फक्त टेप वाचजो."

आठवडाभर तयारी चालली. मैदानाच्या मधोमध एक खुंटी ठोकली. दोरी ताणली की लांबते म्हणून दहा मीटरची लोखंडी तार घेतली आणि पांढऱ्या फक्कीनं वर्तुळ आखलं. बाभळीच्या खुंट्या तासून घेतल्या, प्रत्येकीच्या माथ्यावर एक बारीक खिळा. आधी सहा खुंट्या, मग प्रत्येक दोघींच्या मधोमध एक, असं करत करत अठ्ठेचाळीस झाल्या. शुक्रवारी सकाळी आम्ही खिळ्यापासून खिळ्यापर्यंत सगळ्या बाजू मोजल्या. बेरीज आली बासष्ट मीटर एकोणऐंशी सेंटीमीटर. सर खूश झाले, कारण कागदावर तेच येत होतं. संध्याकाळपर्यंत उरलेल्या अठ्ठेचाळीस खुंट्याही बसल्या.

त्यांचा डाव त्यांनी मला समजावून सांगितला होता. बाजू दुप्पट केल्या की आकृती वाढते, पण प्रत्येक वाढ आधीच्या वाढीच्या फक्त चौथाई असते. शहाण्णव बाजूंना ती बासष्ट मीटर ब्याऐंशीवर येईल. त्याच्या पुढं कितीही बाजू केल्या तरी सगळ्या वाढी मिळून जेमतेम एक सेंटीमीटर उरतो. पुस्तकाचं बावीस सप्तमांश मात्र त्याहून बरंच पुढं आहे. म्हणजे ही आकृती तिथं कधीच पोचणार नाही. अध्यक्षांना हे मैदानावर, बोटानं, दाखवायचं.

"तापला की टेप लांबते," सर म्हणाले. "म्हून ऊन चढाच्या आत मोजायचं. अन् खिळा दोन रेघाइच्या मधात आला त् साडे सांगजो. अंदाज नाई करायचा."

शनिवारी सकाळी साडेसातला सगळी शाळा मैदानाच्या कडेला बसली. अध्यक्षांना खुर्ची. आकडे लिहायला सरांनी कुणाला घ्यावं? अध्यक्षांच्या नातीला. "जिचा मार्क गेला तिनंच लिहावं, म्हंजे शंका नाई." मुलगी वही घेऊन उभी राहिली. सरांनी टेपचं शून्याकडचं टोक धरलं, मी दुसरं. आणि आम्ही वर्तुळावरून निघालो.

पहिल्या दहा खुंट्या मी प्रामाणिकपणे वाचल्या. सहाशे चोपन्न मिलिमीटर. साडेचोपन्न. चोपन्न. पुन्हा चोपन्न. आणि इथं मला एक अवदसा आठवली, मी मनातल्या मनात गुणाकार केला. साडे सोडूनच दिली. सहाशे चोपन्न गुणिले शहाण्णव, म्हणजे बासष्ट मीटर अठ्ठ्याहत्तर सेंटीमीटर. कालच्यापेक्षा कमी! बाजू दुप्पट आणि बेरीज कमी! आता सगळ्या शाळेसमोर, अध्यक्षांसमोर सरांचं हसं होणार! मला सरांचा लळा होता, हे मी इथं सरळ सांगून टाकतो. परगावात मला त्यांनी खोली दिली होती, काकूंनी वर्षभर संध्याकाळची पोळी खाऊ घातली होती. त्यांची दहावी माझ्या हातातल्या टेपमुळं जावी हे मला सहन होईना.

अकराव्या खुंटीचा खिळा चोपन्न आणि पंचावन्नच्या मध्ये होता. मी म्हणालो, "सहाशे पंचावन्न."

मग पंचावन्नच चालू झालं. अर्धा मिलिमीटर तो काय, मुंगीच्या पायाएवढा. संशय नको म्हणून मध्येच एखादं छप्पन्नही टाकत गेलो. सहाशे पंचावन्न गुणिले शहाण्णव किती, हा गुणाकार मात्र मी केला नाही. मराठीच्या मास्तरानं एका दिवसात एक गुणाकार करावा, दोन नाही, असं मला वाटलं असावं.

शहाण्णवावी खुंटी झाली. मुलीनं बेरीज केली, पुन्हा तपासली आणि मोठ्यानं वाचली. बासष्ट मीटर अठ्ठ्याऐंशी सेंटीमीटर, वर पाच मिलिमीटर. व्यासानं भागून तीन दशांश चिन्ह एक चार चार आणि पुढं थोडं. अध्यक्षांनी आपल्या फोनवर बावीस भागिले सात करून पाहिलं. तीन दशांश चिन्ह एक चार दोन.

"नाई जमत," अध्यक्ष म्हणाले. "बावीस सप्तमांश नाई आलं." ते खुर्चीवरून उठले. पोरांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. मुख्याध्यापकांनी इतका मोठा श्वास सोडला की त्यांचा चष्मा सरकला. मागच्या रांगेत गांडुळं वळवळली. मी टेप गुंडाळत होतो आणि मनातून उड्या मारत होतो. जिंकलो होतो आम्ही.

सर जागचे हलले नाहीत. टाळ्या संपेपर्यंत ते त्या शेवटच्या खुंटीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "भाऊसाहेब, बसा. हे चुकलं."

"काय चुकलं? तुमीच म्हणत होते ना, बावीस सप्तमांश नाई म्हून?"

"ही आकृती वर्तुळाच्या आतमधी आहे. आतल्याले बाहेरच्यापेक्षा लहानच राह्यलं पाह्यजे. घरात ठेवलेलं कपाट घरापेक्षा मोठं निघालं, त् मोजणी चुकली. हा आकडा त् पुस्तकाच्याही पुढं गेला."

"मंग बावीस सप्तमांश बरोबर आहे काय?"

"नाई."

"पण तुमी दाखवू शकले नाई."

"नाई दाखवू शकलो."

"परत मोजा ना, सर," मुलगी म्हणाली. तिचा आवाज रडवेला झाला होता. खरं तर त्या सगळ्या प्रकरणात तिचाच फायदा होणार होता.

सरांनी वर पाहिलं. ऊन चढलं होतं, टेप हाताला गरम लागत होता. "ठरलं ते एकडावचं ठरलं," ते म्हणाले. "मोजणी माही होती. चूकही माही."

मी तोंड उघडलं. सरांनी माझ्याकडे पाहिलं आणि टेप माझ्या हातातून काढून घेतला. मी तोंड मिटलं. शिक्षणसेवकाची दोन वर्षं अजून बाकी होती आणि अध्यक्ष दहा पावलांवर उभे होते. मला त्या वेळी भीती वाटली आणि लाजही वाटली, आणि भीती जास्त वाटली.

दुपारी शिक्षकांच्या खोलीत बसून सरांनी त्या मुलीचा पेपर मागवला आणि कापलेला अर्धा गुण परत दिला. लाल शाईनं लिहिलं, एकूण गुण, मग दोन वळवळत्या रेघा, मग चाळीस. मुख्याध्यापकांनी ते पाहिलं आणि पेपर गठ्ठ्यात ठेवून दिला. जूनपासून सरांना पाचवीचा वर्ग मिळाला. त्यांनी एक वर्ष पाचवीला शिकवलं आणि पाचवीतूनच ते निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी अध्यक्ष त्यांच्याबद्दल फार चांगलं बोलले. मी तोवर कायम होण्याच्या वाटेवर होतो आणि आभार मी मानले.

पण मला सांगायचंय ते त्याच शनिवारचं, परतीच्या एसटीतलं. सर नेहमीच्या जागेवर बसले. पेपर काढला नाही, वर्तुळ काढलं नाही. हिंगणघाटच्या स्टँडवर खिडकीतून त्यांनी बोरं घेतली आणि पुडी आम्हा दोघांच्या मध्ये ठेवली. बस निघाल्यावर मला राहवेना.

"सर," मी म्हणालो, "आकडे मी वाढवून सांगितले. अकराव्या खुंटीपासून."

"मले माहीत आहे."

"केव्हा कळलं?"

"चाळिसाव्या खुंटीपाशी. एवढे पंचावन्न लागोपाठ येत नाई बापा. कुठं साडेचोपन्न आलं पाह्यजे. तू साडे म्हणणंच सोडलं होतं."

माझ्या हातातलं बोर हातातच राहिलं. चाळिसाव्या! म्हणजे पुढं छप्पन्न खुंट्या उरल्या होत्या. "मग तिथंच का नाही थांबवलंत? तिथून परत मोजता आलं असतं. ऊनही नव्हतं चढलं."

सरांनी बोराची बी खिडकीबाहेर टाकली. पुडी माझ्याकडे सरकवली.

"मलेही जिंकायचं होतं," ते म्हणाले. "दरेक खुंटीपाशी म्हणलं, पुढच्या खुंटीले थांबवतो. पुढची आली की म्हणलं, अजून एक येऊ दे. असं करत करत टाळ्या वाजल्या."

"सर, सोमवारी मी मुख्याध्यापकांना सगळं सांगतो. माझं काय व्हायचं ते होऊ दे. दहावी तुमची आहे."

"काई सांगू नको."

"पण खोटं मी बोललो!"

सरांनी माझ्या मांडीवर हात ठेवला. रागावले नव्हते ते. वर्गात एखाद्या पोराला उत्तर जवळजवळ आलंय आणि शेवटच्या पायरीवर अडलंय, तेव्हा ते ज्या आवाजात बोलत, त्या आवाजात बोलले.

"तुले गणित येत नाई, म्हून तू वाढवून सांगितलं. मले येते, अन् तरी मी छप्पन्न खुंट्या चूप राह्यलो. आता तूच सांग, आपल्या दोघातून दहावीले कोणी शिकवू नये?"